पटावरची वीस अंकी संख्या

राजा खूश झाला, 'हवे ते माग' म्हणाला, आणि बुद्धिबळ शोधणाऱ्या शहाण्याने पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी मागणी केली. ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मला खरी गोडी वाटते ती गोष्ट संपते तिथून पुढे. चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज होते 1,84,46,74,40,73,70,95,51,615. अल्बेरूनीने इ. स. 1000 च्या सुमारास ही संख्या शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिली आहे. आमच्या वर्गातला कॅल्क्युलेटर मात्र पहिले आठ-दहा अंक दाखवतो आणि उरलेले गिळून टाकतो!

हाताने करायला हे फार अवघड नाही. 2 चा वर्ग 4, त्याचा 16, पुढे 256, 65,536 आणि 4,29,49,67,296. याचा आणखी एकदा वर्ग करून 1 वजा करायचा. एक दाणा 20 मिलिग्रॅमचा धरला तर वजन भरते सुमारे 36,900 कोटी टन. आज जगभर पिकणारा तांदूळ जवळजवळ सातशे वर्षे साठवला तर राजा कर्जमुक्त होईल.

पण वजन ही वरवरची ओळख झाली. संख्येचा स्वभाव कळतो अवयवांवरून. वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र ओळीने सहा वेळा वापरले, की ही संख्या 3, 5, 17, 257, 65,537 आणि 4,29,49,67,297 यांच्या गुणाकारात मोडते. या माळेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होते. पहिल्या पाच आहेतही. सहावीला 641 ने पूर्ण भाग जातो, हे ऑयलरने 1732 साली दाखवले. भागाकार येतो 67,00,417. यातल्या 17 च्या जोरावर गाउसने 1796 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने काढता येतो हे सिद्ध केले.

या दुपटीचा आमच्या गल्लीशीही संबंध आला. गेल्या वर्षी एक गृहस्थ योजना घेऊन आले: पैसे भरा, दोघांना आणा, ते प्रत्येकी आणखी दोघांना आणतील. 1978 च्या केंद्रीय कायद्याने अशा साखळ्यांवर बंदी आहे, पण कायद्याचे नाव काढले की लोक जांभया देतात. म्हणून मी कागदावर ओळी मांडल्या. एकापासून सुरुवात केली, तर 31 व्या ओळीत 107 कोटी माणसे लागतात आणि 34 व्या ओळीत 859 कोटी, म्हणजे पृथ्वीवर आहेत त्याहून जास्त. चौसष्टावी ओळ राहिली दूरच.

आणि खरी मेख पुढेच आहे. कोणत्याही ओळीत आधीच्या सगळ्या ओळींच्या बेरजेपेक्षा एक माणूस जास्त असतो. साखळी कुठेही तुटो, निम्म्याहून अधिक लोक शेवटच्या ओळीत असतात, आणि त्यांच्या खाली कोणीच नसते.

शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरायचे ठरवले होते. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि गृहस्थांना विचारले, "भाऊ, मी कितव्या ओळीत?" गृहस्थांना ते सांगता आले नाही. चहा तसाच ठेवून ते पुढच्या गल्लीत गेले.