प्रबोधनकालीन समूहगानाच्या साधनांचे तालिकीकरण : अभ्यासक आणि गायक यांच्या दृष्टीने

प्रास्ताविक

१७ जुलै २००७ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आलेस्सांद्रो स्ट्रिज्जो या सोळाव्या शतकातील इटालियन रचनाकाराचा एक मास सादर करण्यात आला. ख्रिस्ती उपासनाविधीतील ठरावीक लॅटिन पाठावर बांधलेल्या दीर्घ गानरचनेस मास असे म्हणतात. स्ट्रिज्जोचा हा मास चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी लिहिलेला असून त्याच्या अखेरच्या भागात ही संख्या साठावर जाते. ही रचना काळाच्या ओघात नष्ट झाली असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. वस्तुतः तिचे हस्तलिखित पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयात सुस्थितीत होते. सेबास्तियाँ द ब्रोसार या संग्राहकाच्या संग्रहातून ते तेथे आले होते. मात्र तालिकेत रचनाकाराचे नाव ‘स्ट्रुस्को’ असे पडले होते आणि रचना चार आवाजांची असल्याचे नमूद होते. डेव्हिट मोरोनी या संगीताभ्यासकाने मूळ हस्तलिखित तपासले, तेव्हा कोठे या अपरिचित नावामागील व्यक्ती आणि चाराच्या आकड्यामागील चाळीस आवाज उजेडात आले.

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक असते. प्रबोधनकालीन संगीताच्या बाबतीत ही भिन्नता विशेष तीव्र होते. या संगीताची साधने तुकड्यातुकड्यांनी उरलेली आहेत आणि त्यांच्याकडे येणारे वाचकही दोन प्रकारचे आहेत. अभ्यासकास हस्तलिखिताचा इतिहास हवा असतो. गायकवृंदाच्या संचालकास आपल्याकडील बारा गायकांना पुढील महिन्यात काय गाता येईल, हे हवे असते. एकाच नोंदीने या दोघांची गरज कशी भागवावी, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साधनांचे स्वरूप

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय समूहगान प्रामुख्याने पॉलिफोनीचे, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालविणाऱ्या पद्धतीचे होते. तथापि सर्व आवाज एकाखाली एक मांडलेले पान, ज्यास आज स्कोअर म्हणतात, ते गायकांच्या हाती नसे. लेखनाचे दोन प्रकार रूढ होते. पहिला क्वायरबुकचा. या भल्यामोठ्या ग्रंथाच्या समोरासमोरील दोन पानांवर सर्व आवाज वेगवेगळ्या चौकटींत लिहिलेले असत आणि संपूर्ण गायकवृंद तो एकच ग्रंथ उंचावर ठेवून त्याभोवती उभा राहून गात असे. इंग्लंडमधील ईटन महाविद्यालयात सुमारे १५०० ते १५०५ या काळात तयार झालेले क्वायरबुक हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या मूळ २२४ पानांपैकी आज १२६ उरली आहेत. ९३ रचनांपैकी ६४ पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत उपलब्ध आहेत. उरलेल्या रचना कोणत्या होत्या हे कळते, याचे कारण ग्रंथातच त्या काळी केलेली अनुक्रमणिका टिकून राहिली. रचना गेली, नोंद राहिली, अशी ही स्थिती आहे.

दुसरा प्रकार पार्टबुकचा. यात प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र वही असते : कान्तुस, आल्तुस, टेनर, बासुस आणि आवाज अधिक असल्यास पाचवी, सहावी. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०१ मध्ये व्हेनिस येथे पॉलिफोनीचे पहिले मुद्रित पुस्तक प्रसिद्ध केले. ते क्वायरबुकच्या मांडणीचे होते; पण लवकरच मुद्रणातही पार्टबुकचीच पद्धत प्रबळ झाली. वह्या लहान, स्वस्त व हाताळण्यास सोप्या होत्या. परंतु त्या एकमेकींपासून सहज विलग होत. चार वह्यांपैकी एक हरवली की उरलेल्या तिन्ही पंगू होतात. कादंबरीच्या चार खंडांपैकी एक हरवल्यास उरलेले तीन वाचता येतात. येथे मात्र प्रत्येक वाक्यातील चौथा शब्दच नाहीसा होतो.

विंडसर येथील गायक जॉन बाल्डविन याने १५७५ च्या सुमारास नकलून घेतलेला सहा वह्यांचा संच ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात आहे. त्यातील टेनरची वही हरवलेली आहे आणि संचातील कित्येक रचना अन्यत्र कोठेही मिळत नाहीत. केंब्रिजच्या पीटरहाऊस येथील सुमारे १५४० च्या संचातही टेनरच नाही. कधीकधी हरवलेली वही दुसऱ्या खंडात सापडते. आठव्या हेन्रीसाठी फ्लॉरेन्सहून आलेली भेट मानल्या जाणाऱ्या एका देखण्या हस्तलिखित संचाच्या चार वह्या शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत; पाचवी, आल्तुसची, इंग्लंडमधील ऑस्कॉट महाविद्यालयात आढळली. स्वतःच्या रचनांचा संग्रह छापणारी पहिली स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माद्दालेना कासुलाना हिच्या १५८३ च्या माद्रिगाल-संग्रहाची आल्तुसची वही लॉरी स्ट्रास या संशोधिकेस मॉस्कोतील ग्रंथालयात मिळाल्याचे २०२२ मध्ये जगापुढे आले. त्यापूर्वी हा संग्रह गाता येण्याजोगा नव्हता. अशा शोधांत योगायोगाचा भाग असतोच. परंतु एखाद्या ग्रंथालयाने ‘जुनी संगीतवही, एक’ एवढीच नोंद केलेली असेल, तर योगायोगालाही वाव उरत नाही.

सूचींची परंपरा

या क्षेत्रातील सर्वांत व्यापक प्रकल्प म्हणजे १९५२ मध्ये स्थापन झालेला, ‘रिझम’ या संक्षेपाने ओळखला जाणारा संगीत-साधनांचा आंतरराष्ट्रीय कोश. प्रत्येक ग्रंथालयास देश, शहर व संस्था यांची आद्याक्षरे जोडून एक संकेत देण्याची त्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील मुद्रित संकलनांची त्याची सूची १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रकाशनवर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रमांक एवढ्यावर ग्रंथाची ओळख ठरते. एकाच रचनाकाराच्या मुद्रित ग्रंथांची मालिका स्वतंत्र आहे. हस्तलिखितांची मुख्य मालिका मात्र १६०० नंतरच्या साधनांसाठी आखली गेल्याने प्रबोधनकाळ तिच्या उंबरठ्याबाहेर राहिला. ही उणीव १४०० ते १५५० या कालखंडातील पॉलिफोनीच्या हस्तलिखितांच्या पाच खंडांच्या सूचीने बरीचशी भरून काढली. इलिनॉय विद्यापीठात सिद्ध झालेली ही सूची १९७९ ते १९८८ या काळात प्रसिद्ध झाली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्डशी संलग्न ‘डायम’ या प्रकल्पाने हस्तलिखितांची उच्च प्रतीची छायाचित्रेच उपलब्ध करून दिली.

या सर्व सूची साधनकेंद्री आहेत. अमुक ग्रंथालयात अमुक ग्रंथ आहे, त्याची पाने किती, कागदावरील जलचिन्ह कोणते, लेखनिक किती, हे त्या सांगतात. या तपशिलाला कोरडेपणाचा दोष देणे अन्यायाचे होईल. जोस्कँ दे प्रे याच्या सुप्रसिद्ध ‘आवे मारिया’ या मोटेटचा काळ ठरविण्याच्या चर्चेत म्युनिक येथील एका हस्तलिखिताच्या जलचिन्हांनी निर्णायक भूमिका बजावली. प्रथम १४७६ मानलेली तारीख त्यांच्याच फेरतपासणीने सुमारे दशकभर पुढे सरकली. एका रचनाकाराच्या शैलीचा विकासक्रम अशा प्रकारे कागदाच्या नोंदीवर अवलंबून राहतो.

नाव, शीर्षक आणि आद्यस्वर

रचना ओळखायची कशावरून, हा यापुढील प्रश्न. रचनाकाराचे नाव हा आधार कच्चा आहे. जोस्कँ १५२१ मध्ये निवर्तला. त्यानंतर त्याच्या नावावर छापल्या जाणाऱ्या रचनांची संख्या इतकी वाढली की त्याच शतकातील लोकांनी त्याची थट्टा केली. दीर्घकाळ त्याची समजली जाणारी ‘आब्सालोन फिली मी’ ही रचना आज अनेक अभ्यासक पिएर द ला र्‍यू याची मानतात. म्हणून चांगल्या तालिकेत ‘साधनातील नाव’ आणि ‘आज स्वीकृत नाव’ हे रकाने वेगळे असावे लागतात आणि पहिल्या रकान्यात सुधारणा करण्याचा मोह टाळावा लागतो.

शीर्षकही तितकेच फसवे. ‘साल्वे रेजिना’ हा पाठ असंख्य रचनाकारांनी योजला आहे. उलट एकच संगीत निराळ्या शब्दांखाली वावरते. टॉमस टॅलिस याच्या चाळीस आवाजांच्या ‘स्पेम इन आलियुम’ या रचनेचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने हस्तलिखित मूळ लॅटिन शब्दांचे नसून राजपुत्र हेन्री याच्या १६१० मधील समारंभासाठी बसविलेल्या इंग्रजी शब्दांचे आहे. केवळ शब्दांवरून शोधणारास ते सापडणारच नाही.

मराठी वाचकास अभंगगाथेतील आद्यचरणांच्या सूचीची सवय असते. संगीताच्या तालिकेत आद्यशब्दांबरोबर आद्यस्वरही द्यावे लागतात. बॅरी ब्रुक व मरी गुल्ड यांनी १९६४ मध्ये यासाठी अक्षरे व अंक यांची एक सांकेतिक लिपी मांडली. तीत स्वरांना अक्षरे, कालमानास अंक व सप्तकास विरामचिन्हे योजली आहेत. त्यामुळे स्वरावली टंकलेखन यंत्रावर लिहिता येऊ लागली आणि पुढे संगणकावर शोधताही येऊ लागली. प्रत्येक आवाजाचे आद्यस्वर नोंदवलेले असतील, तर एकाकी पडलेली आल्तुसची वही आपल्या भावंडांशी जोडता येते. केवळ वरच्या आवाजाचे आद्यस्वर देऊन काम उरकणाऱ्या सूची अशा वेळी निरुपयोगी ठरतात.

गायकांची गरज

गायकवृंदाचा संचालक प्रथम आवाजांची संख्या पाहतो आणि त्यानंतर प्रत्येक आवाजाची व्याप्ती, म्हणजे खालचा व वरचा टोकाचा स्वर. येथे आधुनिक संज्ञांमुळे घोटाळा होतो. प्रबोधनकालीन आल्तुस हा पुरुषांनीही गायिलेला आवाज असून तो आजच्या आल्टो गायिकांना पुष्कळदा फार खाली जातो. त्यामुळे ‘सोप्रानो, आल्टो, टेनर, बास’ असे लिहून मोकळे होणारी तालिका संचालकाची दिशाभूल करते. मूळ क्लेफ, म्हणजे ओळींवरील स्वरांचे स्थान ठरविणारी चिन्हे नोंदविल्यास अंदाज अधिक अचूक येतो. सोळाव्या शतकात उंच क्लेफांचा एक विशिष्ट संच वापरला जाई आणि अशी रचना चार वा पाच स्वर खाली उतरवून गाण्याचा प्रघात होता. त्याच्या व्याप्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु क्लेफ नोंदवलेच नसतील, तर मतभेदासही जागा राहत नाही.

विशेष म्हणजे ही दृष्टी नवी नाही. ईटनच्या क्वायरबुकमधील पूर्वोक्त अनुक्रमणिकेत रचनेच्या नावासोबत आवाजांची संख्या व एकूण स्वरव्याप्तीही दिलेली आहे. ती करणारा मनुष्य गायकांमध्ये वावरणारा असावा. विसाव्या शतकातील अनेक विद्वत्तापूर्ण सूचींनी पानांची मापे मिलिमीटरपर्यंत दिली. ही माहिती मात्र त्यांना देण्याजोगी वाटली नाही.

दुसऱ्या बाजूला, १९९८ मध्येच सुरू झालेल्या ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’सारख्या उपक्रमांत गायकांनी गायकांसाठी तयार केलेल्या हजारो आवृत्त्या विनामूल्य मिळतात. त्यांची रचना कृतिकेंद्री आहे : आवाज किती, भाषा कोणती, प्रसंग कोणता. परंतु आवृत्ती कोणत्या साधनावरून सिद्ध केली, याचा उल्लेख सर्वत्र असतोच असे नाही. एकीकडे साधन आहे व कृती दिसत नाही. दुसरीकडे कृती आहे व साधन दिसत नाही. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेले कृती, अभिव्यक्ती, प्रकाशित रूप व प्रत असे चतुःस्तरीय प्रारूप हा सांधा जुळविण्यास उपयुक्त आहे. स्ट्रिज्जोचा मास ही कृती, पॅरिसचे हस्तलिखित हे तिचे साधन व आजची गायनप्रत ही तिची एक आवृत्ती, अशा परस्परांशी जोडलेल्या तीन नोंदी झाल्यास दोन्ही वाचक एकाच दाराने आत येऊ शकतात.

पुनर्रचित आवाजाची नोंद

या प्रारूपाची खरी कसोटी अपूर्ण रचनांपाशी लागते. बाल्डविनच्या संचात जॉन शेपर्ड याच्या अनेक लॅटिन रचना आहेत. त्यांपैकी काहींच्या हरवलेल्या टेनरमध्ये पारंपरिक उपासनागीताची चाल होती. ती अन्य ग्रंथांत उपलब्ध असल्याने आवाज जवळजवळ निश्चितपणे परत मिळविता येतो. इतर ठिकाणी संपादकास टेनर नव्याने रचावा लागतो. पीटरहाऊसच्या संचासाठी निक सँडन यांनी अनेक वर्षे असे काम केले आणि त्यामुळे शतकानुशतके मूक असलेले संगीत पुन्हा गायिले जाऊ लागले. न्यूकॅसल व ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या ‘ट्यूडर पार्टबुक्स’ प्रकल्पाने शाईने कागद पोखरलेल्या सॅडलर संचाची पाने संगणकीय प्रतिमेद्वारे पुन्हा वाचनीय केली.

हे तीन प्रकारचे पुनरुज्जीवन एकाच ‘पुनर्रचित’ या शब्दाखाली नोंदविणे योग्य नाही. पहिल्यात आवाज दुसऱ्या साधनातून येतो, दुसऱ्यात आधुनिक संपादकाच्या प्रतिभेतून, तिसऱ्यात मूळ पानावरूनच. टेनर गाणाऱ्यास आपण शेपर्डचे स्वर गात आहोत की विसाव्या शतकातील एखाद्या विद्वानाचे, हे जाणून घेण्याचा अधिकार आहे; आणि त्या आवाजावरून शेपर्डच्या शैलीविषयी निष्कर्ष काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तर ते कळलेच पाहिजे. यासाठी तालिकेत प्रत्येक आवाजापुढे त्याचा उगम सांगणारा एक छोटा रकाना पुरतो. अद्याप तो फार थोड्या तालिकांत आढळतो.