नवी प्रणाली घातली, संगणक उठेना

संगणकांत नवी कार्यप्रणाली घातली, सर्व सोपस्कार यथासांग पार पडले, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाहीं! विंडोज १०चा सर्वसाधारण विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यावर जुन्या यंत्रांत विंडोज ११ किंवा लिनक्स घालण्याचा विचार ज्यांच्या घरीं चालला असेल, त्यांनीं या प्रसंगाची ओळख आधींच करून घ्यावी. अशा वेळीं घाबरून सारी डिस्क पुसणें व पुन्हां श्रीगणेशा करणें, यासारखी दुसरी चूक नाहीं. मुलांचे फोटो आणि घरचे कागदपत्र तोंवर बहुधा शाबूत असतात. ते या दुसऱ्या खटाटोपांत जातात.

बटण दाबतांच प्रथम जागी होते ती डिस्कवरील प्रणाली नव्हे, तर मदरबोर्डवरील एका चिपमधील लहानशी आज्ञावली. १९८१ सालच्या आय. बी. एम. पी. सी.मध्यें तिचें नांव बायॉस होतें. ती डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाची, आणि सूत्रें तिकडे सोपवी. आतां तिची जागा यूईएफआयनें घेतली आहे. हा नवा कारभारी डिस्कवरील एका छोट्या राखीव विभागांत ठराविक फाइल शोधतो, व तिचा पत्ता स्वतःजवळ टिपून ठेवतो. प्रणाली जुन्या पद्धतीनें घातली आणि शोध नव्या पद्धतीनें चालला, म्हणजे घरांत माणूस असून पत्ता चुकल्यामुळें टपालवाला परत फिरावा, तसें होतें.

म्हणून आधीं पेनड्राइव्ह काढा; ती तशीच राहिल्यास यंत्र तिच्याकडेच वळत राहतें. मग सुरू करतांना एफ-२ किंवा डिलीट कळ दाबून (कंपनीगणिक ही कळ निराळी!) सेटअप उघडा. तेथें डिस्कचें नांवच दिसत नसेल, तर बिघाड जोडणींत किंवा डिस्कमध्यें असण्याचा संभव अधिक. प्रणालीला बोल लावूं नये. डिस्क दिसत असेल, तर सुरू होण्याचा क्रम तपासा. लिनक्सशेजारीं विंडोज घातल्यास विंडोज स्वतःला पहिला मान देतें. लिनक्स नाहींसें झालेलें नसतें, क्रम बदलला कीं तें पुन्हां भेटतें.

सिक्युअर बूट मात्र उगीच बंद करूं नका. अनोळखी सहीची प्रणाली तें अडवितें हें खरें. परंतु विंडोजची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर असा बदल करतांच ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत असते. आधीं कागदावर उतरून घ्या.

प्रणालीचें चिन्ह दिसून मगच पडदा काळा होत असेल, तर पत्ता बरोबर सांपडला आहे. दोष बहुधा चित्रपटलाच्या ड्रायव्हरचा. विंडोजचा सेफ मोड त्यासाठींच आहे.

इतक्यानेंहि न भागल्यास पेनड्राइव्हवरूनच चालणारें लिनक्स सुरू करा, कांहींहि न घालतां डिस्क उघडा, आणि फोटो व कागदपत्र दुसऱ्या डिस्कवर उतरवा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरील स्टार्टअप रिपेअर त्यानंतर चालवावें.