भात न विकणारे गाव

पश्चिम जावातील सुकाबुमी जिल्ह्यात, हालिमुन डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर चिप्तागेलार हे गाव वसले आहे. पालाबुहानरातू बंदराच्या बाजूने वर चढणारी वाट दगडधोंड्यांची आहे आणि पावसाळ्यात ती गाड्यांची परीक्षा पाहते. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर. लोक सुंदा भाषक आणि धर्माने मुसलमान. मात्र शेतीचे सारे विधी त्यांनी त्याहून जुन्या परंपरेनुसार जपले आहेत. या परंपरा पाळणाऱ्या समाजांना ‘कासेपुहान’ म्हणतात. प्रमुखाला ‘आबाह’ म्हणतात आणि हे पद वंशपरंपरेने चालते. तो राहतो ते मुख्य गाव. त्याचा शब्द मानणाऱ्या वाड्या आसपासच्या खोऱ्यांत पसरलेल्या आहेत. पूर्वजांचा आदेश झाला की मुख्य गावच जागा बदलते. २००१ मध्ये ते चिप्तारासा सोडून सध्याच्या जागी आले.

इंडोनेशियाच्या तांदळाच्या गेल्या काही वर्षांतील बातम्या या गावाला न शिवता गेल्या. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला. त्याच वर्षीच्या जुलैत भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. इंडोनेशियाने त्या वर्षी सुमारे ३० लाख टन आणि २०२४ मध्ये ४५ लाख टन तांदूळ बाहेरून आणला. २०२५ मध्ये चित्र पालटले. बुलोग या सरकारी संस्थेच्या गोदामांतील साठा ४० लाख टनांवर पोहोचला आणि स्वयंपूर्णतेची भाषा सुरू झाली. चिप्तागेलारचे भात यापैकी कोणत्याच आकड्याशी बांधलेले नाही, कारण ते विकायचेच नाही असा इथला कडक नियम आहे. भात म्हणजे न्यी पोहाची ही देवी, आणि देवीचा सौदा करता येत नाही.

शेतीचे वर्ष आकाशातील ताऱ्यांवर चालते. कृत्तिकांचा पुंज ठरावीक जागी दिसू लागला की अवजारे परजायची, मृगातील तारे दिसले की शेतात उतरायचे. आधी डोंगरउतारावरची कोरडवाहू पेरणी होते. टोकदार काठ्यांनी भोके पाडत पुरुष पुढे जातात आणि मागून बायका त्यांत बी टाकत येतात. ओल्या खाचरांतील लावणी त्यानंतर. वर्षातून पीक एकच घ्यायचे, दुसरे नाही. कापणीनंतर खाचरांत मासे सोडतात किंवा जमीन तशीच विसावू देतात. सगळ्या वाड्यांत पेरणी साधारण एकाच वेळी होते आणि नंतरचे कित्येक महिने शेतात भाताचे ताट नसते, त्यामुळे किडीला वर्षभर खाद्य मिळत नाही. स्थानिक वाणांची संख्या शंभराहून अधिक आहे. कुठले खाचर थंड, कुठल्या उताराला ऊन जास्त, यावरून कोणी कोणते बी पेरायचे हे ठरते.

हे वाण उंच वाढतात आणि त्यांचे दाणे लोंबीला घट्ट धरून राहतात. म्हणून कापणी विळ्याने न करता ‘एतेम’ नावाच्या, मुठीत मावणाऱ्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडून होते. खुडलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या बांधून त्या बांबूच्या मांडवावर वाळवतात. पेंढ्या पुरत्या वाळल्या की ‘लेउइत’मध्ये, म्हणजे कोठारात, जातात.

चिप्तागेलारची खरी करामत या कोठारांत आहे, आणि शेतीच्या चर्चेत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. लेउइत जमिनीपासून उचलून, लाकडी खांबांवर बांधतात. भिंती विणलेल्या बांबूच्या, वर ताडवर्गातील झाडांच्या काळ्या तंतूंचे जाड छप्पर. आत शिरायला छताजवळ एक लहानसे दार असते, आणि शिडीशिवाय तिथे पोहोचता येत नाही. घराला आग लागली तरी धान्य वाचावे म्हणून कोठारे वस्तीपासून थोडी दूर, एकत्र उभी केलेली असतात. दाणा तुसात, तूस लोंबीवर आणि लोंबी पेंढीत, असे तिहेरी संरक्षण असल्याने भात कित्येक वर्षे टिकते. घरात लागेल तेवढीच पेंढी बाहेर काढायची आणि तेवढेच भात कांडायचे. जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडे असे एखादे तरी कोठार असते. एखादे वर्ष पिकाविना गेले तरी चूल विझणार नाही, असा भरवसा त्यामुळे गावाला असतो.

मुख्य गावात ‘सी जिमात’ हे सामाईक कोठार आहे. सुगीनंतर ‘सेरेन ताउन’ या उत्सवात वाजतगाजत नव्या भाताच्या पेंढ्या आणल्या जातात आणि आबाह व त्यांच्या पत्नी विधिपूर्वक त्या कोठारात ठेवतात. प्रत्येक कुटुंबाचा वाटा इथे जमा होतो. ज्याचे पीक बुडाले त्याने इथून भात उसने न्यायचे आणि पुढच्या सुगीला परत करायचे. सरकारी गोदाम नागरिकापासून दूर असते; तिथून तांदूळ त्याच्या ताटात येईपर्यंत निविदा, वाहतूक आणि व्यापारी यांचे हात लागतात. इथे कोठार आणि ताट यांच्यात फक्त एक शिडी आहे. अन्नसुरक्षा मोजताना देशातील एकूण साठ्याइतकेच तो साठा खाणाऱ्यापासून किती दूर आहे यालाही महत्त्व द्यायला हवे.

जावाच्या उरलेल्या भागाने दुसरी वाट धरली. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी मोहिमेतून बुटके, लवकर येणारे वाण, रासायनिक खते आणि कीटकनाशके गावोगाव पोहोचली. वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली आणि १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. त्या यशाने कोट्यवधी लोक जेवले, हे नाकारता येत नाही. पण सततच्या पिकामुळे तपकिरी तुडतुड्यांचे थवे फोफावले आणि फवारणीने त्यांचे शत्रू कीटकच मेले. अखेर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घालावी लागली. कापणीला विळा आला, कांडपाला गिरण्या आल्या आणि भूमिहीन बायकांची मजुरी गेली.

चिप्तागेलारमध्ये स्वतःचे भात गिरणीत नेता येत नाही. लांब लाकडी उखळाभोवती बायका मुसळांनी ते कांडतात. पाहुण्यांना त्याचा ताल मोहक वाटतो, पण रोजच्या जेवणासाठीचे हे जड काम बायकांच्याच खांद्यांवर पडते आणि परंपरेचे कौतुक करणारे लेख ही बाजू सहसा वगळतात. भात विकत नाहीत म्हणून रोख पैसा लागत नाही, असेही नाही. शाळा, दवाखाना, मोटारसायकल, मोबाइल यांचा खर्च ताडगूळ, केळी, वेलदोडे आणि बाहेरची मजुरी यांतून भागतो. तरुण शहरांत कामाला जातात. पेरणी-कापणीला यातले किती जण परत येतात, यावर ही व्यवस्था टिकणार की नाही हे ठरेल.

नवे काही नको, असा मात्र गावाचा हट्ट नाही. डोंगरी ओढ्यांवरची छोटी जलविद्युत केंद्रे घरांना वीज देतात. २००७ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर पदावर आलेले आबाह उगी यांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, आणि गावाची ‘चिगा टीव्ही’ ही स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनीही आहे. नियम फक्त भाताला लावलेला आहे, आणि तो तिथे काटेकोर आहे.

गावापुढचा सर्वांत कठीण प्रश्न जमिनीचा आहे. गावाने जंगलाचे तीन भाग केले आहेत: कधीच न तोडायचे जुने रान, पुढच्या पिढ्यांसाठी राखलेले रान आणि कसण्याचे रान. ओढ्यांचे पाणी पहिल्या दोहोंवर अवलंबून आहे, म्हणून त्यांची राखण करा असे कोणी सांगावे लागत नाही. पण १९९२ मध्ये इथे हालिमुन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २००३ मध्ये सालाक पर्वताचा परिसर जोडून ते १,१३,००० हेक्टरांहून मोठे करण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली खाचरे कागदावर सरकारी वनात गेली. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने मे २०१३ मध्ये पारंपरिक समाजांचे वन हे सरकारी वन नव्हे, असा निकाल दिला. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी पहिल्या नऊ समाजांना तशी मान्यतापत्रे दिली. त्यांत याच डोंगररांगेतील कासेपुहान कारांग होता आणि त्याला ४६२ हेक्टर वन मिळाले. या मान्यतेसाठी आधी जिल्ह्याला समाजास कायदेशीर ओळख द्यावी लागते, मग हद्दी आखाव्या लागतात आणि त्यानंतर प्रस्ताव वनखात्याकडे जातो. जे लोक ताऱ्यांवरून पेरणीचा दिवस ठरवतात, त्यांना आपल्या रानाच्या सीमा नकाशावर काढून सिद्ध कराव्या लागत आहेत, आणि त्या कामात त्यांची तरुण मुले आता जीपीएस यंत्र घेऊन डोंगर चढतात.