जोड कळकतो तेव्हा

सह्याद्रीच्या रानातल्या नंदिगड्ड्यात पाऊस लागला की चुलीवर धरल्याशिवाय कपडे वाळत नाहीत, मग बॉनेटखालची हवा कुठून वाळणार? जोयडा तालुक्यातल्या अशा गावांत गाडी सकाळी 'टक्' असा एकच आवाज करून गप्प बसते, दिवे पिवळट पडतात, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर उगाच मिणमिणतो. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे बॅटरी बदला, नाही भागलं तर सेल्फ काढा, मग डायनामो. माझं म्हणणं असं, की ओल्या मुलखात पहिला संशय वस्तूवर नव्हे, जोडावर घ्यावा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे घराघरात ठाऊक असतं. गाडीच्या वायरिंगमधल्या पिनाही बहुधा तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्यावर मुलामा असतो तो कल्हईचाच, म्हणजे कथिलाचा. तो झिजला आणि ओल शिरली की आत हिरवट क्षार धरतो. वायर शाबूत, बल्ब शाबूत, फ्यूज शाबूत, आणि उजेड मात्र नाही.

हा दोष सापडत नाही याचं एक कारण शोधण्याच्या पद्धतीत आहे. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवायचा, वायरीच्या दोन टोकांना लावायचा आणि वाजला की वायर चांगली म्हणायची, ही तपासणी फसवी आहे. कुळागरातला पाइप कचऱ्याने अर्धा तुंबला तरी नळ बंद असताना दाब पुरताच दिसतो. नळ सोडल्यावर धार बारीक येते तेव्हा खरं कळतं. विजेचंही तसंच. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. वाटेत ओमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि एवढा अडथळा साध्या मीटरला ओम मोजून दिसतच नाही. पंचावन्न वॉटच्या हेडलाइटच्या वाटेत 0.3 ओम आले तर व्होल्टेज दहाएक टक्क्यांनी घटतं, पण उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी. म्हणून तपासणी भार चालू ठेवूनच करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगायचं. पाव व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थ ठीक. एक-दीड व्होल्ट आले तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट दोषी. मिणमिणणारा इंडिकेटरही बहुधा हेच सांगत असतो: मागच्या दिव्यांचा सामाईक अर्थ सुटला आहे आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट काढतो आहे.

यावर कोणी म्हणेल, बॅटरी खरोखर मेलेली असतेच की. असते. तीन-चार वर्षांची बॅटरी संशयाबाहेर नाही. पण तेही मोजून ठरतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना थेट खांबांवरच व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर दोष बॅटरीचा. खांबांवर साडेदहा आणि सेल्फपाशी आठ, तर बॅटरी निर्दोष. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 मिळत असतील तर डायनामोलाही सोडून द्यावं. मात्र बॅटरी चांगली असून उभ्या गाडीत उतरत असेल तर चोर शोधायला हवा. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी 0.3 अँपिअरच्या गळतीने पाच दिवसांत कोरडी होते. डिकीतला विझायचा राहिलेला दिवाही तेवढं करू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आताच्या गाड्या संगणकावर चालतात, घरच्या मीटरचं तिथे काय काम? पण स्कॅनरचा कोड बहुतेक वेळा सर्किट दाखवतो, सुटा भाग नव्हे. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे फोन लागला नाही म्हणून समोरच्याचा फोन फोडणं. शिवाय व्होल्टेज पडलं तर हे संगणक नसलेल्या तक्रारीही नोंदवतात. मर्यादा जरूर आहेत. एअरबॅगची पिवळी जोडणी आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबल घरी उघडू नयेत. पंधराचा निळा फ्यूज उडतो म्हणून तीसचा हिरवा घालणं तर आगीला आमंत्रण आहे. फ्यूज बल्बाला नाही, वायरीला वाचवायला असतो.

दुरुस्तीत मात्र कंजुषी नको. निगेटिव्ह आधी सोडायची आणि शेवटी जोडायची, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पॉलिश पेपरने बोल्टखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि मगच वरून व्हॅसलीन लावावं. कळकलेली पिन नुसती खरवडली तर कथिल जातं आणि पुढच्या आषाढात ती पुन्हा हिरवी होते, म्हणून ती बदललेलीच बरी. नवी पिन दाबून बसवली की वायरीला कनेक्टरच्या आधी खाली थोडा झोळ द्यावा. पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं आणि जोडापर्यंत चढत नाही.