सहावा चमचा

साठ फूट : लेखांक ९

चहाच्या चमच्याने मोजलं तर बॉलिंगच्या एका लेनवर जेमतेम पाच चमचे तेल असतं. साधारण २५ मिलिलिटर. ते पसरायचं साडेएकेचाळीस इंच रुंद आणि चाळीसेक फूट लांब पट्ट्यावर. सगळीकडे सारखं पसरलं असं धरून हिशेब केला, तर थराची जाडी भरते दोन मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस याच्या तीसपट तरी जाड असतो. आणि जिला 'हेवी ऑइल' म्हणतात त्या लेनवर? पाचाचे सहा चमचे होतात आणि तेल चाळिसाऐवजी पंचेचाळीस फुटांपर्यंत जातं. फरक एवढाच. पण या सहाव्या चमच्यापायी माझा एक अख्खा हिवाळा वाया गेला. म्हणून आजचा लेख त्या चमच्यावर आणि त्याला पुरून उरणाऱ्या बॉलवर.

मी मिशिगनमध्ये राहते. इथे ऑक्टोबर सरला की संध्याकाळी करण्यासारख्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात, त्यात बुधवारची लीग ही माझी. लीगच्या रोजच्या लेनवर माझा जुना बॉल छान वळायचा. पण स्पर्धेसाठी लांब पॅटर्नची, म्हणजे तेल लांबवर पसरलेली, लेन आली की तोच बॉल बर्फावर सुटल्यासारखा सरळ निघून जायचा. एका प्रो शॉपमध्ये मी अडचण सांगितली. त्यांनी तक्ता समोर धरला. कुठला बॉल किती वळतो याचे आकडे, सर्वांत वरच्या आकड्यासमोर एक सुंदर निळा, आरशासारखा चकचकीत बॉल. मी तो घेतला. दोनशे डॉलरच्या आसपास त्याचे, बोटांची भोकं पाडून घेण्याचे वेगळे. लांब तेलावर तो जुन्यापेक्षाही सरळ गेला.

तो बॉल वाईट नव्हता. तो दुसऱ्या लेनसाठी होता. तक्त्यातला आकडा हे सांगत नाही की बॉल *कुठे* वळणार. दोन कंपन्यांचे आकडे तर एकमेकांशेजारी ठेवूच नयेत, कारण प्रत्येकीची मोजपट्टी आपापली.

कुठे वळणार, हाच खरा प्रश्न. लेन साठ फूट. ताशी सतरा मैलांच्या वेगाने टाकलेला बॉल सेकंदाला पंचवीस फूट जातो, म्हणजे अडीच सेकंदही न होता पिनांवर पोचतो. तेवढ्यात त्याला तीन अवस्थांतून जायचं असतं : आधी तेलावर घसरणं, मग पकड मिळाली की वळणं, आणि शेवटी घसरणं पूर्ण थांबून गडगडत जाणं. तेल चाळीस फुटांवर संपत असेल तर वळायला वीस फूट मिळतात, म्हणजे ०.८ सेकंद. पंचेचाळिसावर संपत असेल तर पंधरा फूट, ०.६ सेकंद. तेवढ्यात वळून, सावरून, जोर राखून पिनांमध्ये शिरायचं. जो बॉल कोरड्याची वाट पाहत बसतो त्याला उशीर झालाच म्हणून समजा. हेवी ऑइलचा बॉल तेलात असतानाच वेग सोडायला लागला पाहिजे.

वळण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी, असं नव्या वाचकाला वाटेल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, 'पॉकेट'मध्ये जायला हवा. उजव्या गटराला चिकटून अगदी सरळ टाकला, तरी तो पॉकेटमध्ये शिरतो जेमतेम दीड अंशाच्या कोनात. स्ट्राइकसाठी चार ते सहा अंश लागतात. बॉल सोळा पौंडांपेक्षा जड असू शकत नाही, आणि समोरच्या दहा पिनांचं एकूण वजन पस्तीस पौंडांच्या घरात. कोन नसेल तर पिनाच बॉलला बाजूला ढकलतात. निर्मळ स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो : १, ३, ५ आणि ९. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. ही चार नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

बॉल पारखताना सगळ्यात आधी हात फिरवायचा तो त्याच्या कातडीवर. या खेळाचा इतिहास म्हटलं तर या कातडीचाच इतिहास आहे. पूर्वी बॉल लाकडाचे असत, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कडक रबराचे आले, नंतर पॉलिएस्टरचे. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये रॅकवरून उचलतो तो रंगीबेरंगी बॉल याच जातीचा. त्याला तेल असलं काय नि नसलं काय, तो सरळच जातो. १९७३ साली अमेरिकेत डॉन मॅकक्यून नावाच्या खेळाडूने आपले बॉल रासायनिक द्रावणात भिजवून मऊ करायला सुरुवात केली. मऊ कातडी लेनला धरते. त्या वर्षी त्याने व्यावसायिक दौऱ्यावरच्या सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाठोपाठ बॉल किमान किती कडक असावा याचे नियम आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं, १९९०च्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. या रेझिनला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि ती तेल पितात. आजचा प्रत्येक ताकदवान बॉल याच घराण्यातला.

आता त्या घराण्यातही दोन स्वभाव. 'पर्ल' कातडीत अभ्रकासारखी चमक मिसळलेली असते, असा बॉल तेलावरून लांब सरकतो आणि शेवटी झटकन वळतो. 'सॉलिड' कातडी मंद, बिनचकाकीची, लवकर पकड घेणारी. माझा निळा बॉल पर्ल होता आणि वर पॉलिशही केलेला. लांब तेलावर याहून चुकीचं काही निवडता आलं नसतं.

आणि कातडी कशाची आहे याइतकंच ती कशी घासली आहे हेही महत्त्वाचं. युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसने दोन हजारच्या दशकात बॉलच्या चालीचा मोठा अभ्यास केला. त्यात पृष्ठभागाचा सूक्ष्म खरखरीतपणा हा सर्वांत प्रभावी घटक ठरला, आतल्या गाभ्याच्या आकड्यांपेक्षाही. जाहिरातींत गाभ्याची रंगीत चित्रं छापतात, खरखरीतपणाचं चित्र काढणार तरी कसं!

माझा आत्ताचा बॉल सॉलिड आहे. दुकानातून आला तेव्हा तो २००० नंबरच्या पॅडने घासलेला होता. माझ्या ड्रिलरने तो फिरत्या चक्रावर ठेवला, पाण्याचा फवारा मारला आणि १००० नंबरच्या पॅडने, बाजू बदलत बदलत, घासला. नंबर जितका लहान तितकं घासणं भरड, आपल्या पॉलिश पेपरसारखंच. चार-पाच मिनिटांनी बॉल माझ्या हातात दिला. काळ्या रंगावर राखेची साय आल्यासारखा दिसत होता आणि अंगठा फिरवला तर कोरड्या सहाणेची आठवण झाली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा लांब तेलावर माझा बॉल पिनांच्या आधी वळला.

गाभ्याचं काम मी कमी लेखत नाही. दोन आकडे पाहायचे. एक आरजी, म्हणजे बॉलचं वजन केंद्रापासून किती दूर वाटलेलं आहे. नियमाने हा २.४६ ते २.८० इंचांच्या मध्ये असावा लागतो. गिरकी घेताना हात अंगाशी घेतले की वेग चढतो, तसा कमी आरजीचा बॉल लवकर फिरायला लागतो. हेवी ऑइलसाठी २.५०च्या खालचा बरा. दुसरा आकडा डिफरन्शियल, म्हणजे एकाच बॉलच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आरजीतला फरक. त्याची कमाल मर्यादा ०.०६० इंच. २०१६ साली इथल्याच, मिशिगनमधल्या मोटिव्ह कंपनीचे 'जॅकल' आणि 'जॅकल कार्नेज' हे दोन बॉल ती मर्यादा ओलांडत असल्याचं आढळलं आणि त्यांची मान्यता काढून घेतली गेली. इतका या आकड्याला भाव आहे, आणि तो का, हे बॉल परत आला की डोळ्यांनी दिसतं.

परत आलेला बॉल लगेच पुसू नका. उजेडाकडे धरा. त्यावर तेलाची वर्तुळं दिसतील. डिफरन्शियल कमी असेल तर सगळी वर्तुळं जवळपास एकावर एक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तीच तेलकट पट्टी पुन्हा लेनला लागली. जास्त असेल तर वर्तुळं एकमेकांपासून सुटी, मनगटावर भरलेल्या बांगड्यांसारखी, आणि दोन ठिकाणी एकत्र येऊन गाठ मारल्यासारखी. प्रत्येक फेऱ्याला बॉलने लेनला कोरडी जागा दाखवली. माझ्या निळ्या बॉलच्या बांगड्या दोन इंचांत मावायच्या, या बॉलच्या पाच इंचांहून जास्त पसरतात. त्यात भोकं कुठे पाडली याचाही वाटा मोठा, म्हणून ड्रिलर बॉलइतक्याच काळजीने निवडावा.

परीक्षा मी अशी घेतली. लेनवर नुकतंच तेल घातलेलं असताना, जुना आणि नवा असे दोन्ही बॉल घेऊन गेले. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करायचे, की बॉल वळताना लेनच्या उभ्या पट्ट्यांपैकी कडेपासून कितव्या पट्टीवर असावा याचा अंदाज येतो. पंचेचाळीस फुटांसाठी चौदावी पट्टी. म्हणजे कडेने जायचंच नाही, लेनवर काढलेल्या तिसऱ्या बाणावरून आत खेळायचं. पाय तिथेच, निशाणा तोच, वेग शक्य तितका तोच. आळीपाळीने दहा बॉल जुना, दहा नवा.

किती पट्ट्या वळला, हे मी मोजलं नाही. मी फक्त मागे काय उरलं ते लिहीत गेले. जुना बॉल पॉकेटमध्ये गेला तेव्हाही दोनदा मधली ५ची पीन उभी राहिली. ५ उभी, म्हणजे बॉल आत पोचण्याआधीच उजवीकडे ढकलला गेला. एकदा ८-१० अशी फूट पडली, तिचंही कारण तेच. नव्याने एकदाही ५ सोडली नाही. १० दोनदा उरली, पण शेजारची ६ तिच्यापुढून सपाट्याने गेली होती. ६ जर गटरमध्ये लोळत पडली असती तर बॉल दमला होता असं म्हणता आलं असतं. इथे बॉलमध्ये जोर होता, कोन बोटभर चुकला होता. अर्धा फूट सरकून तो मी जुळवला. स्कोअरबोर्डवर दोन्हीला नऊच दिसतात, पण नऊ आणि नऊमध्ये हा फरक आहे आणि बॉलची पारख तिथेच होते.

आमच्या टीममध्ये पुण्याहून मुलाकडे येऊन राहिलेले एक काका आहेत. सत्तरी उलटलेली, वेग ताशी तेरा मैल, पण मनगट असं की बॉल भिरभिरत जातो. त्यांची आणि माझी बोटं योगायोगाने एकाच मापाची, म्हणून म्हटलं, काका, तुम्हीही टाकून बघा. तोच बॉल, तीच लेन. त्यांच्या हातून तो तिशीतल्या फुटांवरच वळायला लागला आणि थेट पहिल्या पिनेच्या नाकावर. चारही कोपरे उभे : ४-६-७-१०. पुढचा त्यांनी आतून टाकला, तो पॉकेटपर्यंत आला खरा, पण येईपर्यंत गडगडून निर्जीव झाला होता. काका बॉलकडे बघत म्हणाले, "अगं, तुझ्या हातात हा शहाणा आहे, माझ्या हातात घाई करतोय. याला माझ्यासाठी जरा गुळगुळीत करायला हवं." अगदी बरोबर. काकांना सहावा चमचा अडवत नाहीच, त्यांचा कमी वेग ती कसर भरून काढतो. ज्यांचा वेग जास्त आणि मनगटाचे फेरे कमी, अशा माझ्यासारख्यांना या बॉलची खरी गरज.

शेवटची परीक्षा वेळेची. खरखरीत सॉलिड बॉल तेल पितो, म्हणजे ज्या वाटेने तो जातो ती वाट तोच कोरडी करत असतो. पहिल्या गेमला अचूक असलेला बॉल तिसऱ्या गेमला लवकर वळायला लागतो. म्हणून दहा बॉलवर कधीही निकाल देऊ नये, तीन गेम तरी टाकावेत. तेल किती भरभर प्यावं यालाही आता मर्यादा आहे. स्पर्धेत बॉल पुसायचा तोही कोरड्या टॉवेलनेच. खेळ संपल्यावर मात्र, बॉल गार व्हायच्या आत, क्लीनरने पुसून काढावा. शिवाय लेन स्वतःच बॉलला पॉलिश करते. १०००चं घासणं काही गेममध्येच गुळगुळीत व्हायला लागतं. दहा-बारा गेम झाले की मी अंगठा फिरवून बघते, सहाण हरवली असेल तर पॅड काढते. "बॉल मेला" म्हणून विकायला काढलेले कितीतरी बॉल नुसते घासायचे राहिलेले असतात.

गेल्या बुधवारी लांब पॅटर्न होता. पहिले दोन गेम हाच काळा बॉल. तिसऱ्याच्या चौथ्या फ्रेमला तो पॉकेट ओलांडून पहिल्या पिनेवर गेला, पाचव्याला पुन्हा तेच. मी तो पुसला, बांगड्या टॉवेलवर उमटल्या, आणि बॅगेतून निळा काढला. कोरड्या पडलेल्या वाटेवर तो सुरेख वळला.