गर्भिणीचा आहार आणि बालकाची खुंटलेली उंची

चरकसंहितेच्या शारीरस्थानात नागोदराचे वर्णन आहे. उपवास करणाऱ्या, निकृष्ट अन्नावर राहणाऱ्या, स्नेह न घेणाऱ्या गर्भिणीचा गर्भ शुष्क होऊन वाढत नाही, असा त्याचा आशय. दोष प्रथम आहारात शोधावा, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. दवाखान्यात मात्र विसरतो.

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगाव परिसरात बाजाराच्या निमित्ताने आसपासच्या वाड्यांवरील कातकरी व ठाकूर कुटुंबे येतात. गर्भिणीसाठी कुणी शतावरी कल्प मागितला की आपण डबा काढून देतो. कल्पात बहुतांश साखर असते आणि तो दुधाबरोबर घ्यावयाचा असतो. घरात दूधच नसेल तर? औषधविक्रेते बंधूंना हा प्रश्न रुचणार नाही, पण त्याच पैशांत अंडी, डाळ, शेंगदाणे येतात.

अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. हंगामाची मजुरी आधी घेतलेली उचल फेडण्यात जाते. आषाढ-श्रावणात घरात पैसा नसतो. टाकळा, कुर्डू, भारंगी रानातून येते, परंतु नुसत्या भाजीवर गर्भ पोसला जात नाही. अंत्योदय शिधापत्रिकेवर दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क आहे, डाळीचा नाही. २०१५ मध्ये राज्याच्या आदिवासी क्षेत्रांत सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गर्भिणी व स्तनदा मातेस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण ठरविले गेले. ती भट्टीवर गेली की हे ताटही सुटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती, ४५.७ टक्के गर्भिणींना पांडुता होती. अशा बालकास आईबापच बुटके म्हणून आपण सोडून देतो. वास्तविक उंचीची ही हानी बव्हंशी गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच होते, पुढे ती भरून येणे दुष्कर. अंगावर पिणारे मूल असतानाच माता पुन्हा गर्भिणी झाल्यास ते मूल क्षीण होते, हे काश्यपांनी गर्भज फक्क म्हणून नोंदविले आहे. म्हणून पाळणा लांबविण्याविषयी बोलणे हेही आपलेच काम.

तेव्हा नाडी पाहण्यापूर्वी विचारावे : काल दिवसभरात काय खाल्ले? ताटावर शेवटी कोण बसते? भट्टीवर कधी जाणार? शासकीय लोहाच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून आपणहून बंद करू नयेत. त्रास होत असल्यास आरोग्य केंद्रात विचारून घेण्याची वेळ बदलावी. शिधापत्रिका स्थलांतराच्या गावीही चालते, हे सांगावे. आणि दवाखान्यात वजनकाट्याशेजारी उंचीची पट्टी असावी; दोन वर्षांखालील मुलाची लांबी मात्र निजवूनच मोजावी.