फासेपारध्यांचे रानशास्त्र

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या माळावर पहाटे उभे राहून पाहा. बालाघाटच्या डोंगरांलगतचे हे रान प्रथम ओसाड वाटते. कुसळी गवत, मधूनच एखादी बोरबाभळ, बाकी दगडगोटे. पण सोबतीला जाणता फासेपारधी असेल, तर तोच माळ बोलू लागतो. धुळीतला ठसा कोणाचा, तित्तिर कोठून ओरडला, काळवीट एकाच जागी लेंड्यांचा ढीग का घालतो, हे तो तुम्हांला सांगेल. तो ढीग म्हणजे नराने आपल्या हद्दीवर केलेली खूण असते.

फासेपारधी पूर्वी शिकारीवर जगत. तित्तिराची हुबेहूब साद घालणे, शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ जाणे ह्या त्यांच्या युक्त्या. आता विचार करा. फासा मांडायचा तर पाखरू कोणत्या वाटेने येणार, हे आधी ओळखावे लागते. म्हणजे फासा हे एक अनुमानच. अनुमान बरोबर असेल तर पोटाला मिळते, चुकले तर उपास. पिढ्यान्‌पिढ्या असे प्रयोग केलेल्या माणसाचे निरीक्षण कच्चे कसे राहील?

पण ह्या ज्ञानाला मान मिळाला नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारध्यांवरही तो शिक्का बसला. हा कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र गेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारबंदी आवश्यकच होती, परंतु तिच्याबरोबर पारध्यांचे जुने जीवनही संपले.

ह्या ज्ञानाचा संरक्षणासाठी उपयोग होईल काय? तणमोराचे उदाहरण घ्या. कोंबडीएवढा हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात गवताळ रानात वीण करतो. नर गवतातून सरळ वर उड्या मारतो, मादी मात्र दडून राहते. त्यामुळे मोजणी बहुधा उड्या मारणाऱ्या नरांवरून करावी लागते. कोणत्या रानात, कोणत्या दिवसांत पाहायचे हे ठाऊक नसेल, तर पक्षी असूनही ‘नाही’ अशी नोंद होईल. अकोला व वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन अशा गवताळ रानांच्या रक्षणाचे काम करते.

दूर उत्तरेतही असेच घडले. अलास्कातील बोहेड देवमासे दोन हजारांहून अधिक नसावेत, असा १९७७ च्या सुमारास शास्त्रज्ञांचा अंदाज होता. म्हणून तेथील इनुपियाट लोकांच्या शिकारीवर बंदी आली. ते म्हणाले, “तुम्ही बर्फाच्या कडेला उभे राहून मोजता, पण देवमासे बर्फाखालूनही जातात आणि बर्फ फोडून श्वास घेतात.” पाण्यात ध्वनिग्राहक सोडून आवाज ऐकले, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले. १९८१ साली शिकारी आणि सरकार ह्यांच्यात सहकार्याचा करार झाला. पुढे देवमाशांची संख्या वाढलीही. २०११ च्या मोजणीत ती सुमारे १७ हजार भरली.

मग जुने ते सगळे खरे मानायचे काय? नाही. मांडुळाला दोन तोंडे असतात, ही समजूतही जुनीच आहे; प्रत्यक्षात त्याची शेपटी बोथट असते, एवढेच! जाणत्याचे म्हणणे ऐकावे, तपासावे आणि आपली मोजणीही त्याच्याकडून तपासून घ्यावी. सहकार्य ते हेच.

वेळ मात्र थोडा आहे. माळाला ‘पडीक’ म्हणून नांगरले जाते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले; आज तेथे माळढोक क्वचितच दिसतो. पक्षी गेला की त्याची साद ओळखणारा कानही हळूहळू जातो.

तेव्हा येत्या सुट्टीत एक वही करा. गावातल्या एखाद्या वृद्ध पारध्याला किंवा मेंढपाळाला मान देऊन विचारा : ह्या पाखराचे नाव काय? ते कधी येते, कधी जाते? ऐकलेले एका पानावर, स्वतः पाहिलेले समोरच्या पानावर लिहा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका आणि त्याची जागाही कोणाला सांगू नका. वर्षाअखेर दोन्ही पाने ताडून पाहा. जेथे ती जुळणार नाहीत, तेथेच तुमचे संशोधन सुरू होईल.